परवान्याविना गाडी, पाण्याविना अन्न

सायंकाळी सहाच्या सुमारास मुंबईतील एखाद्या मोठ्या उपनगरी स्थानकाबाहेर गर्दीचा लोंढा पायऱ्या उतरू लागतो. कचेरीतून सुटलेला कारकून, शाळा आटोपून निघालेली शिक्षिका, रात्रीच्या वर्गाकडे धावणारा विद्यार्थी असे अनेकजण पाच मिनिटे एका हातगाडीपाशी थबकतात. कढईतला वडा पावात जातो, लसणाची चटणी पडते, पैसे हाती येतात आणि माणूस पुढे सरकतो. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी 'गाडी आली' अशी आरोळी ठोकतो. क्षणार्धात शेगडी विझते, बादलीतले पाणी गटारात रिते होते, आणि जी हातगाडी आतापर्यंत पन्नास माणसांना खाऊ घालीत होती ती उकळत्या तेलाच्या कढईसह बोळात दिसेनाशी होते. मागोमाग महापालिकेच्या अतिक्रमण निर्मूलन विभागाची गाडी येते, दोन फळ्या आणि एखादी छत्री उचलते आणि निघून जाते. अर्ध्या तासाने शेगडी पुन्हा पेटलेली असते.

या नित्याच्या खेळात कोणाचेच हित होत नाही. पादचाऱ्याला मोकळा पदपथ मिळत नाही, विक्रेत्याला स्वास्थ्य मिळत नाही, पालिकेला महसूल मिळत नाही आणि खाणाऱ्याला स्वच्छ अन्नाची हमी मिळत नाही. तरीही हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, याचे कारण परवान्याच्या प्रश्नाकडे आजवर केवळ जागेचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. खाद्यपदार्थांच्या गाडीपुरता तरी तो तितकाच सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. ज्या गाडीला उभे राहण्याचा हक्क नाही, तिच्यापाशी नळ, कचऱ्याची पेटी आणि सांडपाण्याची वाट असावी, अशी अपेक्षा करणेच व्यर्थ आहे.

गरजेतून उभी राहिलेली खाद्यसंस्था

रस्त्यावरचे खाणे ही मुंबईची चैन नव्हे. घर आणि काम यांत तास-दीड तासाचे अंतर असलेल्या शहराची ती गरज आहे. वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर प्रथम विकला गेला, असे मानले जाते. त्यापुढच्या दोन दशकांत तो गिरणगावाचा आणि मग साऱ्या महाराष्ट्राचा झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरण्या पूर्ववत सुरू झाल्याच नाहीत. ज्यांचा रोजगार त्या काळात गेला, त्यांच्यापैकी कित्येकांनी पदपथावर भाजी, कापड किंवा भजी-वडे विकून संसार सावरला. कारखान्याने सोडलेली माणसे रस्त्याने सामावून घेतली. या माणसांना सामावून घेण्याचा कोणताही आराखडा नगराकडे तेव्हा नव्हता, ही वस्तुस्थिती आजच्या गोंधळाच्या मुळाशी आहे.

उलट, परवान्याची दारे त्याच सुमारास मिटत होती. मुंबई महापालिकेने नवे फेरीवाला परवाने देणे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ थांबविले. टाटा समाजविज्ञान संस्था आणि 'युवा' या संस्थेने पालिकेसाठी १९९८ मध्ये केलेल्या गणनेत पालिकेच्या जागेवर एक लाखाहून अधिक फेरीवाले आढळले. परवानाधारक होते सुमारे पंधरा हजार. शंभरांतील पंच्याऐंशी माणसे एखाद्या नियमाबाहेर असतील, तर दोष केवळ त्या पंच्याऐंशी जणांत शोधून भागत नाही. तो नियमातही शोधावा लागतो.

अधिकार पालिकेचा, निवाडा न्यायालयाचा

पालिकेचा अधिकार जुना आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३१३-अ अन्वये सार्वजनिक जागी विक्री करण्यास आयुक्तांचा परवाना लागतो आणि कलम ३१४ अन्वये विनापरवाना मांडलेला माल पूर्वसूचनेशिवाय हटविता येतो. त्याच्या जोडीला रस्त्यात अडथळा आणल्याबद्दल पोलीस कायद्याखाली होणारी कारवाई आहेच. हटविण्याचा अधिकार तत्काळ आणि परवाना देण्याचा अधिकार आयुक्तांच्या इच्छेवर, अशी ही रचना आहे. वापरला गेला तो मुख्यतः पहिला अधिकार.

त्यामुळे साहजिकच हा प्रश्न न्यायालयात गेला. जुलै १९८५ मध्ये बॉम्बे हॉकर्स युनियनच्या याचिकेवर निर्णय देताना सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या न्यायपीठाने फेरीवाला क्षेत्रे आणि ना-फेरीवाला क्षेत्रे आखण्याचा मार्ग दाखविला. एका विक्रेत्यास एक मीटर लांब व एक मीटर रुंद एवढी जागा, हे माप त्या निकालाने रूढ केले. त्याच महिन्यात पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात घटनापीठाने रस्त्यावर व्यवसाय करणे हा अनुच्छेद १९ खालील मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. मात्र तो वाजवी निर्बंधांच्या अधीन आहे आणि त्यामुळे विशिष्ट जागी कायम ठाण मांडण्याचा हक्क मिळत नाही, हेही स्पष्ट केले. डिसेंबर २००३ च्या निकालाने शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळांपासून १०० मीटर आणि बाजार व रेल्वे स्थानकांपासून १५० मीटर अंतरात विक्रीस मनाई कायम केली.

न्यायालयाने चौकट आखली, हे चांगलेच झाले. परंतु नगररचनेचे काम निवाड्यांनी व्हावे, ही त्या नगराच्या कारभाराविषयी भूषणावह गोष्ट नव्हे. क्षेत्रे कोठे असावीत, गल्ली किती रुंद आहे, तेथे पाणी आहे की नाही, हे ठरविण्यास प्रभागातला अभियंता लागतो. न्यायाधीशाने ते ठरवावे, अशी पाळी येऊ नये.

कायदा झाला, कागद पोचला नाही

अखेर संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. ४ मार्च २०१४ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ मेपासून तो अमलात आला. त्यातील तरतुदी कोणाही शिक्षकाने वर्गात समजावून सांगाव्या इतक्या सुबोध आहेत. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे. ते पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणास हटवू नये. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के या मर्यादेत विद्यमान विक्रेत्यांना सामावून घ्यावे. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात. स्थलांतर करायचे तर ३० दिवसांची नोटीस द्यावी. माल जप्त केल्यास त्याची यादी द्यावी. नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा. विक्रेत्यावरही बंधने आहेत. त्याने धंदा स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फत करावा, त्याला उपजीविकेचे अन्य साधन नसावे आणि प्रमाणपत्र दुसऱ्यास भाड्याने देऊ नये.

मुंबईत या कायद्याचे काय झाले? २०१४ च्या सर्वेक्षणात ९९ हजारांहून अधिक अर्ज आले. छाननीत अधिवास प्रमाणपत्रासारख्या कागदांअभावी बहुसंख्य अर्ज गळाले. राज्याचे नियम २०१६ मध्ये आणि योजना २०१७ मध्ये आली, जरी कायद्याने योजनेसाठी सहाच महिन्यांची मुदत घातली होती. समितीवरील विक्रेता प्रतिनिधींच्या निवडणुकीचे मतदान ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. कायदा अमलात आल्यानंतर दहा वर्षे उलटली होती आणि मतदारयादीत नावे होती सुमारे ३२ हजार. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांहून अधिक होती. अडीच टक्क्यांचे गणित केल्यास ही मर्यादा तीन लाखांच्या पलीकडे जाते. म्हणजे कायद्याची मर्यादा तीन लाखांची, अर्जदार लाखभर आणि मतदार एकतृतीयांश.

या विलंबाच्या काळात शासनाने विक्रेत्यांचे अस्तित्व नाकारले असेही नाही. जून २०२० मध्ये टाळेबंदीनंतर सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यास तारणाविना दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ करण्यात आले आणि ज्याच्यापाशी प्रमाणपत्र नाही त्यास नगरपालिकेच्या शिफारसपत्रावरही ते घेता येई. एकाच पालिकेच्या एका विभागाने धंद्यासाठी शिफारस करावी आणि दुसऱ्याने त्याच धंद्याची गाडी उचलून न्यावी, हा विरोधाभास विक्रेत्यास कसा समजावा?

एक गाडी, अनेक खिडक्या

खाद्यपदार्थ विकणाऱ्याची अवस्था तर कपडे किंवा खेळणी विकणाऱ्याहून बिकट आहे. त्याला जागेसाठी पालिकेकडे आणि अन्नासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जावे लागते. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्याखालील नियमांनी वर्षाला बारा लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान अन्नव्यावसायिकास, फिरत्या विक्रेत्यासही, वार्षिक शंभर रुपये शुल्कात नोंदणी देऊ केली. त्यासोबत पिण्यायोग्य पाणी वापरणे, अन्न झाकून ठेवणे, हात स्वच्छ ठेवणे, कचरा वेगळा ठेवणे अशा अटी आल्या. त्या सर्वस्वी योग्य आहेत. परंतु पालिकेच्या धोरणात रस्त्यावर अन्न शिजविण्यासच मनाई आहे. एक प्रशासन वडा कसा तळावा याचे नियम सांगते आणि दुसरे वडा तळूच नये असे म्हणते. इंधनाचेही तसेच. घरगुती सिलिंडर धंद्यात वापरणे बेकायदा आहे. व्यापारी जोडणीसाठी धंद्याच्या जागेचा पुरावा हवा. तो पुरावा म्हणजे तेच विक्री प्रमाणपत्र, जे मिळत नाही.

कागद नसला की त्याची जागा दुसरी व्यवस्था घेते. तिला शहरात 'हप्ता' म्हणतात. तिचा दर छापलेला नसतो, तिची पावती मिळत नाही आणि तिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही. १९८८ च्या सुमारास महापालिकेने कचरा उचलण्याचा आकार म्हणून विनापरवाना विक्रेत्यांकडूनही रोज थोडे पैसे घेऊन पावती देण्यास प्रारंभ केला होता. ती पद्धत पुढे बंद झाली. पण त्या पावत्या विक्रेत्यांनी वर्षानुवर्षे जपून ठेवल्या, कारण आपण या जागी होतो याचा तेवढाच लेखी पुरावा त्यांच्यापाशी होता. फेरीवाल्याला पैसे द्यायचे नसतात, हा समज त्यावरून खोटा ठरतो. पैसे तो आजही देतो. फक्त ते नगराच्या तिजोरीत जात नाहीत.

स्थैर्यावाचून स्वच्छता नाही

पावसाळा तोंडावर आला की कापलेली फळे, उसाचा रस, बर्फाचे गोळे यांच्यावर पालिकेची मोहीम सुरू होते. कावीळ, विषमज्वर, जुलाब यांच्या साथी दूषित पाण्याने आणि अन्नाने पसरतात, हे खरेच आहे. माल नष्ट करण्याचा उपाय एका दिवसापुरता योग्यही ठरेल. परंतु दूषित अन्नाचे कारण विक्रेत्याचा दुष्टावा नसून बहुधा पाण्याचा अभाव हे असते. एका बादलीत शंभर बशा विसळल्या जातात, कारण दुसरी बादली भरण्यास नळ नाही. खरकटे गटारात जाते, कारण पेटी ठेवली तर तीच 'अतिक्रमण' म्हणून उचलली जाईल. काचेचे झाकण असलेली मजबूत गाडी विक्रेता घेत नाही, कारण जप्तीत ती गेली तर महिन्यांची मिळकत बुडते. तो मुद्दाम मोडकी, हलकी, पटकन पळविता येईल अशी गाडी ठेवतो. जो माणूस उद्या येथे असेल की नाही हे जाणत नाही, तो आजच्या जागेत पैसा घालीत नाही. व्यापाराचा हा नियम मोठ्या दुकानदारास लागू आहे, तसाच हातगाडीवाल्यासही.

अहमदाबादेत कांकरिया तलावाच्या परिसराला २०१८ मध्ये देशातील पहिले 'स्वच्छ पथखाद्य केंद्र' म्हणून मान्यता मिळाली. तेथे विक्रेत्यांना ठरलेली जागा होती, म्हणूनच तेथे तपासणी, प्रशिक्षण आणि सुधारणा शक्य झाल्या. ज्याची जागा ठाऊक आहे, त्याचीच तपासणी करता येते. पळणाऱ्या गाडीला निरीक्षक गाठू शकत नाही, आणि गाठलेच तर तिचे पाणी तपासण्यासाठी गाठीत नाही.

पादचाऱ्याचे गाऱ्हाणे

याचा अर्थ पादचाऱ्याची तक्रार लटकी आहे असा मुळीच नाही. वृद्ध माणूस, लहान मुलाचे बोट धरलेली आई, पांढरी काठी घेऊन चालणारा अंध प्रवासी यांना पदपथ सोडून वाहनांच्या रस्त्यावर उतरावे लागते, तेव्हा हक्काचा भंग त्यांचाही होतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. रेल्वेच्या चौकशीत पावसामुळे अरुंद पुलावर झालेली गर्दी हे कारण पुढे आले. तरीही लोकक्षोभाचा रोख स्थानकांबाहेरील फेरीवाल्यांकडे वळला, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने १५० मीटरचा निर्बंध पुन्हा अधोरेखित केला. स्थानकाचे तोंड आणि पूल मोकळे असलेच पाहिजेत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ज्या १५० मीटरांत विक्रेत्याचे सारे गिऱ्हाईक आहे तेथून त्याला हटवून पर्यायी जागा दिली नाही, तर तो संध्याकाळी परत येणार, हेही तितकेच निश्चित आहे. न पाळता येणारा नियम पादचाऱ्याचे रक्षण करीत नाही. तो केवळ हप्त्याचा दर वाढवितो.

दोन शहरांचे धडे

परवान्यांची टंचाई काय करते, हे न्यूयॉर्कमध्ये दिसले. त्या शहराने १९८३ मध्ये खाद्यगाड्यांच्या परवान्यांवर सुमारे तीन हजारांची मर्यादा घातली. परिणाम असा झाला की दोन वर्षांसाठी नगराला सुमारे २०० डॉलर देऊन मिळणारा परवाना काळ्या बाजारात वीस हजार डॉलर आणि त्याहून अधिक भाड्याने जाऊ लागला. गाड्या कमी झाल्या नाहीत. गाडीमागे उभा राहणारा माणूस तेवढा परवान्याच्या मालकाचा कूळ बनला. अखेर २०२१ मध्ये नवे परवाने टप्प्याटप्प्याने वाढविण्याचा कायदा तेथे करावा लागला.

सिंगापूरने दुसरा मार्ग धरला. तेथे १९६८-६९ मध्ये सर्व फेरीवाल्यांची नोंदणी झाली, मग नळ, मोऱ्या आणि वीज असलेली केंद्रे बांधली गेली आणि १९८६ पर्यंत रस्त्यावरचे विक्रेते तेथे नेण्यात आले. २०२० मध्ये युनेस्कोने त्या खाद्यसंस्कृतीची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. सिंगापूरची शिस्त, भूमी आणि शासन मुंबईहून भिन्न आहेत. त्याची नक्कल येथे होणार नाही. पण क्रम तेवढा घेण्यासारखा आहे. आधी गणना, मग पाणी, मग स्थलांतर. मुंबईत हा क्रम नेमका उलटा चालतो.

करता येण्याजोगे

यासाठी नवा कायदा नको आहे. असलेला पुरेसा आहे. प्रभागवार नकाशा काढून चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी ठेवावी, जे माप इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेतही आहे, आणि उरलेल्या जागेवर क्रमांकित चौकोन रंगवावेत. जेथे १.८ मीटर सुटत नाही तेथे विक्री नको, मग विक्रेता कितीही जुना असो. खाद्यगाड्यांसाठी निराळे समूह ठरवून प्रत्येक समूहाला एक नळ, एक मोरी आणि कचरा उचलण्याची वेळ द्यावी. जागेचे प्रमाणपत्र आणि अन्ननोंदणी एकाच खिडकीवर मिळावी. प्रमाणपत्रावर छायाचित्र, चौकोनाचा क्रमांक आणि शुल्क छापलेले असावे व ते गाडीवर लावलेले असावे, म्हणजे गिऱ्हाईक आणि निरीक्षक दोघेही ते वाचू शकतील. शुल्क पालिकेने घ्यावे आणि पावती द्यावी. ज्याने अटी मोडल्या त्याचे प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकार मग निःशंकपणे वापरता येईल. आज तो वापरता येत नाही, कारण रद्द करण्याजोगे काही दिलेलेच नाही.

आणखी एक गोष्ट नागरिकांच्या हाती आहे. जो कारकून दुपारी गाडीवरची मिसळ खातो, तोच संध्याकाळी पदपथ अडल्याची तक्रार करतो. त्याच्या दोन्ही भूमिका खऱ्या आहेत, आणि नगर पथविक्रेता समितीत रहिवासी व संस्थांना स्थान आहे ते याच दोन भूमिकांचा मेळ घालण्यासाठी. आपल्या प्रभागात क्षेत्रे आखली गेली काय, समितीची बैठक केव्हा झाली, नळ कोठे बसणार, हे प्रश्न त्याने विचारले पाहिजेत. ते विचारले जात नाहीत तोवर आरोळी होत राहील, कढई पळत राहील आणि बादलीतले पाणी तेच राहील.